आफ्रिकेत आयात इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? आधी चार्जिंगचं तोंड बघा

नैरोबी असो, कंपाला, आदिस अबाबा, लुसाका की आक्रा; इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची ठरली की चर्चा 'बीवायडी की फोक्सवॅगन' इथूनच सुरू होते. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आफ्रिकेत येणारी गाडी बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्या तरी बाजारासाठी बनलेली असते. ती चीनसाठी बनली, ब्रिटनसाठी, जपानसाठी की कोरियासाठी, यावर चार्जिंगचं तोंड, पडद्यावरची भाषा, वॉरंटी, सुटे भाग आणि पुढे विकताना मिळणारा भाव ठरतो. बोनेटवरचं चिन्ह एकच असलं तरी आतली गाडी वेगळी असू शकते.

पहिली चाळणी स्टिअरिंगची. केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी, झांबिया, झिम्बाब्वे, मोझांबिक, बोट्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका इथे वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे हवं. इथिओपिया, रवांडा, नायजेरिया, घाना, सेनेगल, मोरोक्को आणि इजिप्तमध्ये उलट. त्यामुळे चीनच्या देशी बाजारातली स्वस्त गाडी केनियात नोंदवता येत नाही, आणि जपानची लिलावातली गाडी घानात चालत नाही. केनियात आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवून घेत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत सामान्य ग्राहकाला वापरलेली गाडी आयात करण्याची वाट जवळपास बंद आहे, तिथे अधिकृत शोरूम हाच मार्ग. एवढ्यावरच यादी निम्मी होते.

चार्जिंगचं तोंड

आता खरा मुद्दा. बाजारात प्रामुख्याने चार प्रकार भेटतात. युरोप आणि ब्रिटनच्या गाड्यांना टाइप २ आणि त्याच्याच खाली दोन जाड पिना असलेलं सीसीएस२. चीनच्या देशी गाड्यांना जीबी/टी, त्यात एसी (घरच्या विजेवरचं सावकाश चार्जिंग) आणि डीसी (जलद चार्जिंग) यांची तोंडं वेगवेगळी. जपानच्या देशी गाड्यांना एसीसाठी टाइप १ आणि जलद चार्जिंगसाठी चाडेमो. कोरियाच्या देशी गाड्यांना सीसीएस१. 'अ‍ॅडॅप्टर मिळतो की' असं विक्रेता सहज सांगून मोकळा होतो. पण अ‍ॅडॅप्टर-अ‍ॅडॅप्टरमध्ये फरक आहे, आणि तो समजून घेतला तर बराच पैसा वाचतो.

एसी चार्जिंगमध्ये जीबी/टी, टाइप १ आणि टाइप २ तिघेही जवळपास एकाच पद्धतीने बोलतात. एका पिनेवर एक किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो आणि त्याच्या रुंदीवरून गाडीला किती अँपिअर घ्यायचे ते कळतं. म्हणून टाइप २ वरून जीबी/टीचा एसी अ‍ॅडॅप्टर हा निव्वळ तांब्याच्या पिना आणि प्लास्टिकचा तुकडा असतो. ३२ अँपिअरचा चांगला घ्या. पहिल्या चार्जिंगला अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चटका बसत असेल तर आतल्या पिना सैल आहेत. तो फेकून द्या, गाडीचं तोंड जळण्यापेक्षा स्वस्त पडेल.

डीसीची गोष्ट निराळी. जीबी/टी आणि चाडेमो स्वतंत्र तारांवरून संदेश पाठवणाऱ्या कॅन बसवर बोलतात, तर सीसीएस वीजवाहिनीवरूनच डेटा पाठवण्याच्या तंत्राने. दोघांच्या भाषा वेगळ्या असल्यामुळे सीसीएस२ ते जीबी/टी अ‍ॅडॅप्टरच्या आत दुभाष्याचं काम करणारं सर्किट असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते, ती उतरली की अ‍ॅडॅप्टर मुका. सॉफ्टवेअर यूएसबीने अपडेट करावं लागतं, आणि एका कंपनीच्या चार्जरवर चालणारा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर सुरुवातीलाच अडून बसतो. शहरात घरी चार्ज करणाऱ्याने असा अ‍ॅडॅप्टर अडीअडचणीला डिकीत ठेवावा. महामार्गावरचा पूर्ण प्रवास त्याच्या भरवशावर आखू नये.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कोरियाची सीसीएस१ गाडी सीसीएस२ चार्जरला जोडणं त्यामानाने सोपं आहे, कारण भाषा एकच आहे, फक्त आकार वेगळा. तिथे साधा यांत्रिक अ‍ॅडॅप्टर चालतो. मात्र ह्युंदाई आयोनिक ५ किंवा किया ईव्ही६ सारख्या ८०० व्होल्टच्या गाडीला १,००० व्होल्टसाठी बनवलेलाच लागतो. तेव्हा डावीकडे स्टिअरिंग लागणाऱ्या देशात, आसपास सीसीएस२ चार्जर असतील, तर कोरियन गाडी चिनी देशी गाडीपेक्षा कमी डोकेदुखीची ठरू शकते.

जपानी देशी गाडीचं चित्र याच्या उलट. निसान अरिया किंवा टोयोटा बीझेड४एक्सची जपानी आवृत्ती लिलावात मोहक भावात दिसते, पण तिचं जलद चार्जिंग चाडेमोवर अडकलेलं असतं. सोबत येणारी केबलही जपानच्या २०० व्होल्टसाठी असते. केबलच्या पेटीवर किती व्होल्ट छापलेत ते वाचा. २४० व्होल्ट पेलण्याचा उल्लेख नसेल तर ती वापरायची नाही, इथलीच टाइप १ केबल घ्यायची. शहराबाहेर न जाणाऱ्याला ही गाडी चालेल. नैरोबीहून मोम्बासाला वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने घेऊ नये.

अजून एक बारकावा. चिनी देशी गाड्यांत आतला एसी चार्जर बहुधा एकफेज, सुमारे ७ किलोवॅटचा असतो. मॉलमध्ये २२ किलोवॅटचा तीनफेज खांब असला तरी अशी गाडी ७ नेच भरणार. घरी तीनफेज जोडणीवर खर्च करण्याआधी हे तपासा.

कागदावरची रेंज आणि रस्त्यावरची

चिनी गाड्यांवर सीएलटीसी चाचणीचा आकडा असतो, युरोपच्या गाड्यांवर डब्ल्यूएलटीपीचा. दोन्ही एकाच तराजूत घालू नका. बीवायडीची युआन प्लस आणि निर्यातीची अ‍ॅटो ३ ही एकच गाडी. ६०.४८ युनिटची तीच बॅटरी चिनी कागदावर ५१० किमी देते आणि युरोपच्या कागदावर ४२०. ताशी ९० ते १०० किमी वेगाने, एसी लावून, चिनी आकड्याला ०.७ ने गुणा: ३५७. पडताळा असा की अशी गाडी शंभर किमीला साधारण १७ युनिट खाते, म्हणजे ६०.४८ मध्ये सुमारे ३५५ किमी. त्यातही शेवटचे दहा टक्के अनोळखी रस्त्यावर वापरायचे नसतात. हाताशी राहतात ३२० किमी. कॅरिअरवर सामान, कच्चा रस्ता किंवा समोरचा वारा असेल तर आणखी कमी धरा.

पूर्व आफ्रिकेत चढ-उतार हा वेगळाच हिशेब आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, मोम्बासा किनाऱ्यावर, मधलं अंतर ४८० किमीच्या आसपास. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी १,८०० मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जवळपास १० युनिट लागतात, आणि मोटरमधली तूट धरली तर ११. हे नेहमीच्या खपाच्या वर. शंभर किमीला १८ युनिट धरले तर मोम्बासाहून नैरोबीला यायला ८६ अधिक ११, म्हणजे सुमारे ९७ युनिट. ६० युनिटची गाडी पूर्ण भरून निघाली आणि १० टक्के उरेपर्यंत चालवली तर ५४ देते. उरलेले ४३ वाटेत भरायचे, म्हणजे एक लांब थांबा किंवा दोन छोटे. ७७ युनिटच्या गाडीला २८ युनिटचा एकच थांबा पुरतो. मोठी बॅटरी घ्यायची की नाही हे अशा गणितावर ठरवा. रोजचा प्रवास ५० किमी असेल तर ती फक्त जास्तीचं वजन आहे.

उतरताना याच्या उलट फायदा मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. आदिस अबाबा २,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथून बाहिर दारकडे जाताना अबाय, म्हणजे निळ्या नाईलच्या दरीत रस्ता हजार मीटरहून जास्त खाली उतरतो. ज्या मुक्कामी थेट उतार सुरू होतो तिथे शंभर टक्के चार्ज करून निघालात तर मोटरने ब्रेक लावून मिळणारी वीज ठेवायला जागाच नसते. गाडी ती वीज घेणं बंद करते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. अशा ठिकाणी ८५ टक्क्यांवर थांबा.

बॅटरी तपासताना

दोन रसायनं आहेत. एलएफपी: जड, पण उष्णतेला आणि वारंवार पूर्ण भरण्याला सोशिक. बीवायडीची ब्लेड बॅटरी हीच. एनएमसी: हलकी, तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा, पण उन्हात शंभर टक्के भरून उभी राहिली की लवकर म्हातारी होते. फोक्सवॅगनच्या चिनी आयडी.४ मध्ये एनएमसी असते. लागोस, मोम्बासा, दार एस सलाम अशा दमट-उष्ण किनाऱ्यावर माझा कौल एलएफपीला. एलएफपीची एकच खोड: तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असल्यामुळे किती टक्के उरली याचा अंदाज गाडीला चुकत जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के केली की अंदाज जागेवर येतो. हे न केल्याने १५ टक्के दाखवत असतानाच गाडी बंद पडल्याच्या तक्रारी येतात.

वापरलेली गाडी असेल तर विक्रेत्याचा 'बॅटरी हेल्थ ९५ टक्के'चा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर आतले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून सेलमधल्या व्होल्टेजचा फरक मागा. एनएमसी बॅटरी ५० टक्क्यांवर तासभर शांत उभी असताना सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या सेलमध्ये २० ते ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर प्रश्न विचारा. एलएफपीत मधल्या पट्ट्यात सगळ्या सेल सारख्याच दिसतात, म्हणून तिथे मोजणी १५ टक्क्यांच्या खाली आणि ९५ च्या वर करायची. सगळ्यात प्रामाणिक चाचणी मात्र साध्या वीजमीटरची. ६०.४८ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेली तर आत ३६ युनिट जायला हवेत, आणि चार्जिंगमधली दहा टक्के तूट धरून मीटरवर सुमारे ४० दिसायला हवेत. ३३-३४ च दिसले तर बॅटरी आकसली आहे, किंवा टक्क्यांचा आकडा खोटा आहे.

रिकॉल हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. टोयोटा बीझेड४एक्स आणि सुबारू सोल्टेराच्या सुरुवातीच्या गाड्या २०२२ मध्ये चाकाचे बोल्ट सैल होण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ मध्ये १२ व्होल्टची बॅटरी भरणारं युनिट, ज्याला आयसीसीयू म्हणतात, ते बिघडून धावती गाडी शक्ती गमावण्याच्या कारणाने २०२४ मध्ये रिकॉल निघाला. ह्युंदाई कोनाच्या सुरुवातीच्या काही गाड्यांना आगीच्या धोक्यामुळे बॅटरीच बदलून मिळाली. बदललेली असेल तर ती कोना उलट चांगला सौदा, कारण बॅटरी गाडीपेक्षा तरुण असते. चासी नंबर घेऊन हे काम मूळ देशातच, गाडी जहाजावर चढण्याआधी, झालंय का ते बघा. आफ्रिकेत उतरल्यावर त्या बाजाराच्या रिकॉलचं काम फुकट करून देणारं कुणी सापडणं अवघड.

घरची वायरिंग: इथे घाई नको

१३ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर गाडी १० अँपिअरने, म्हणजे साधारण २.३ किलोवॅटने चार्ज होते. वर सांगितलेले ३६ युनिट (तूट धरून मीटरवर ४०) भरायला १७ ते १८ तास लागतात. ७ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला साडेपाच-सहा तास. रोज चालणाऱ्या गाडीला दुसरा पर्याय हवाच.

त्यासाठी मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन, ४० अँपिअरचा एमसीबी आणि तांब्याची वायर. २५ मीटरपर्यंत ६ चौरस मिमी पुरते. ३२ अँपिअरला सुमारे ६ व्होल्ट पडतात. गॅरेज ४० मीटर लांब असेल तर त्याच वायरमध्ये ९ व्होल्टच्या वर जातात, म्हणून १० चौरस मिमी घ्या. गळती पकडणारा आरसीडी साधा एसी प्रकारचा चालत नाही, कारण गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी प्रवाह गळला तर तो आंधळा होतो. टाइप बी लावा, किंवा ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणाऱ्या चार्जरसोबत टाइप ए.

गाडी चार्ज होत नाही अशी तक्रार आली की पहिला संशय अर्थिंगवर घ्या. कित्येक घरांत तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. फ्रिज-टीव्हीला त्याने फरक पडत नाही, गाडी मात्र तपासते आणि नकार देते. कोरड्या, खडकाळ जमिनीत एक रॉड पुरत नाही. दोन-तीन ठोका, दोन रॉडमध्ये किमान एका रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवा, आणि रोध मीटरने मोजून घ्या, तोही उन्हाळ्याच्या शेवटी. पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवा असतो. अर्थ पिन आणि न्यूट्रल सॉकेटच्या मागेच जोडून गाडीला चकवणारे वायरमन आहेत. न्यूट्रल कधी तुटला तर गाडीचा पत्रा जिवंत होतो. असं काम करू देऊ नका.

जनरेटरवरही हाच दोष वेगळ्या रूपात येतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, म्हणून गाडी अर्थ फॉल्ट दाखवते. उपाय म्हणजे जनरेटरपाशी एकाच जागी न्यूट्रल-अर्थ जोडणी, पण चेंजओव्हर स्विच फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा असेल तरच. ५ केव्हीएच्या जनरेटरवर किंवा ५ किलोवॅटच्या सोलर इन्व्हर्टरवर गाडीचा प्रवाह ८ ते १० अँपिअरवर बांधून टाका, नाहीतर पंप सुरू झाला की सगळंच बसतं.

वीज जाते तेव्हा नुकसान होत नाही, ते वीज परत येताना होतं. पहिल्या काही सेकंदांत व्होल्टेज उसळतो आणि गाडीचा आतला चार्जर जळतो, आणि तो बदलणं म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं बिल. १९० च्या खाली आणि २५५ च्या वर तोडणारा, वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून जोडणारा व्होल्टेज गार्ड लावा. ३२ अँपिअर सलग वाहणार असल्यामुळे तो ४० किंवा ६३ अँपिअरचाच हवा. सोबत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (चार्जिंगच्या टाइप २ तोंडाशी याचा संबंध नाही). तोही अर्थिंग चांगलं असेल तरच कामाचा.

केनियात २०२३ पासून ई-मोबिलिटीचा वेगळा वीजदर आहे: मूळ दर युनिटला १६ शिलिंग आणि कमी मागणीच्या वेळेत ८, त्यावर अधिभार आणि कर. शंभर किमीला मीटरवर २० युनिट धरले तर दिवसा ३२० शिलिंग, रात्री १६०. हा दर त्या वर्गातल्या जोडणीलाच लागतो, घराच्या नेहमीच्या मीटरला नाही. झांबियात हिशेब उलटा करावा लागतो. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणाचं पाणी आटलं आणि दिवसातले बरेच तास वीज नव्हती. तिथे छतावरच्या सोलरचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. चाकांवरची ६० युनिटची बॅटरी मात्र अशा वेळी घरच्या कामी येते. व्ही२एल, म्हणजे बॅटरीतली वीज बाहेर देण्याची सोय, असलेल्या गाडीतून सुमारे ३ किलोवॅटपर्यंत थेट उपकरणं चालतात. फक्त ती वीज घराच्या सॉकेटमध्ये उलटी सोडू नका.

खालची बाजू, टायर आणि एसीचा गॅस

एसयूव्ही म्हणवणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं पोट जमिनीपासून १६०-१७५ मिमीवरच असतं. अ‍ॅटो ३ रिकामी असताना १७५. फोक्सवॅगनच्या लांब व्हीलबेसच्या आयडी.६ चं पोट उंच गतिरोधकावर आधी टेकतं. मुरमाच्या रस्त्याला जाणार असाल तर ३-४ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खाली लावून घ्या, मात्र बॅटरीच्या पेटीला नवीन भोक पाडायचं नाही. मूळ बोल्टच्या जागाच वापरायच्या. सोल्टेराचं २१० मिमी या गर्दीत उठून दिसतं.

स्टेपनी बहुतेकांत नसतेच, असतं ते पंक्चरचं फेसाचं किट. बाजूची भिंत फाटली की ते निरुपयोगी. आयडी.४ च्या पुढच्या आणि मागच्या टायरची रुंदी वेगळी असते, म्हणून एक स्टेपनी चारही चाकांना नीट बसत नाही आणि टायर पुढे-मागे फिरवताही येत नाहीत. अ‍ॅटो ३ चा २१५/५५ आर१८ त्यामानाने सहज मिळतो. लोड इंडेक्स कमी असलेला स्वस्त टायर घालू नका. या गाड्या पेट्रोलवाल्या भावंडांपेक्षा तीन-चारशे किलोने जड असतात.

आणि एसी. नेहमीच्या गॅरेजमध्ये गॅस भरताना सोबत पीएजी तेल सोडतात. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर त्याच तेलात बुडालेली असते आणि तिला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. थोडं पीएजी गेलं तरी इन्सुलेशन घसरतं, गाडी उच्च व्होल्टेजची गळती दाखवते आणि सुरूच होत नाही. मेकॅनिक मग बॅटरी खराब झाली असं सांगतो. ४०० व्होल्टच्या यंत्रणेत इन्सुलेशन रोध २०० किलोओहमच्या वर असायला हवा. तो मोजल्याशिवाय बॅटरीला हात लावू देऊ नका. गॅस भरण्याची नळी पेट्रोल गाड्यांना वापरलेली असेल तर तिच्यातलं उरलेलं तेलसुद्धा पुरतं. कूलंटचंही तसंच: काही कंपन्या कमी विद्युतवाहक कूलंट मागतात, त्यात रंग बघून दुसरं ओतायचं नाही.

कागद, कर, जहाज

केनियात वापरलेल्या गाडीवरचा कर तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाही. केनिया रेव्हेन्यू अथॉरिटीची त्या मॉडेलची ठरलेली किंमत, त्यातून वयानुसार घट, आणि मग कर. इलेक्ट्रिकला अबकारी १० टक्के, पण कर एकावर एक चढतात. आयात शुल्क २५ टक्के धरलं तर १०० चे १२५, अबकारीने १३७.५, १६ टक्के व्हॅटने १५९.५, वर आयात जाहीरनामा आणि रेल्वे विकासाची फी. त्यामुळे लिलावात स्वस्त मिळाली म्हणून करही कमी पडेल, असं समजू नका. मॉडेल त्या यादीत नसेल तर किंमत ठरण्यातच गाडी बंदरात पडून राहते आणि भाडं वाढतं.

इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेल मोटारींची आयातच बंद केली. तिथे २०२२ च्या निर्णयाप्रमाणे तयार इलेक्ट्रिक गाडीवर १५ टक्के सीमाशुल्क, अर्धवट सुट्या भागांत आली तर ५ आणि पूर्ण सुटी आली तर शून्य. दक्षिण आफ्रिकेत मात्र इलेक्ट्रिकला २५ टक्के शुल्क आणि युरोपच्या पेट्रोल गाडीला १८. महाग गाडीवर चैनीचा कर वेगळा.

चीनमधून 'शून्य किमी वापरलेली' म्हणून येणारी गाडी ही तिथे नावापुरती नोंदवून बाहेर काढलेली असते. तिची वॉरंटी चीनपुरतीच. १ जानेवारी २०२६ पासून चीनने पूर्ण इलेक्ट्रिक मोटारींच्या निर्यातीला परवाना लागू केला आहे, तेव्हा विक्रेत्याला परवाना कुणाच्या नावावर ते विचारा. जुन्या मालकाचं खातं काढलेलं असणं, दोन्ही चाव्या, इंग्रजी मेन्यू आणि सॉफ्टवेअरची शेवटची अपडेट हे सगळं तिथेच करून घ्या. अ‍ॅपला चिनी मोबाइल नंबर लागतो आणि नकाशा चीनबाहेर कामाचा नसतो. कुणी अनधिकृत इंग्रजी सॉफ्टवेअर घातलं असेल तर पुढची अपडेट घेऊ नका.

जहाजावर गाडी साधारण ३० ते ५० टक्के चार्जवर पाठवा. लांब प्रवासात मोठी बॅटरी टिकते, १२ व्होल्टची मरते, आणि मग दरवाजेही उघडत नाहीत. जिबूती, मोम्बासा किंवा दार एस सलामला जाणाऱ्या माणसाकडे जंप स्टार्टर आणि यांत्रिक चावी असू द्या.

मग घ्यायची कुठली?

नैरोबी, कंपाला किंवा दार एस सलाममध्ये बजेट मध्यम असेल तर ब्रिटनहून आलेली एमजी झेडएस ईव्ही: टाइप २ आणि सीसीएस२ आयतं, स्टिअरिंग योग्य बाजूला. ७२.६ युनिटची डब्ल्यूएलटीपीप्रमाणे ४४० किमी देते, ५१ ची ३२०. जुनी ४४.५ ची २६३ किमीवाली फक्त शहरापुरती. ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून खालच्या सबफ्रेमचे आणि बोल्टचे फोटो मागा. पैसे जास्त असतील तर स्थानिक विक्रेत्याची वॉरंटीसह अ‍ॅटो ३. वाटेत चार्जरच नसलेल्या भागात वारंवार जाणाऱ्याला मी पूर्ण इलेक्ट्रिकऐवजी मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन सुचवेन, २०१९ नंतरची १३.८ युनिटवाली.

आदिसमध्ये आयडी.४. रस्त्यावर इतक्या आहेत की मेकॅनिकचा हात बसला आहे आणि मोडीतून भाग मिळतात. आयडी.६ फक्त चीनसाठी बनली. सात माणसं रोज बसणार असतील तरच घ्या. लागोस-आक्राला एलएफपी आणि व्ही२एल असलेली, निर्यातीसाठीच बनलेली सीसीएस२ आवृत्ती. तीच गाडी जीबी/टीत स्वस्त मिळाली तरी फरकाचे पैसे अ‍ॅडॅप्टर आणि मनस्तापात जातात.

गाडी कंटेनरने येत असेल तर तिच्यासोबत पुढचे दोन लोअर आर्म, एक हेडलॅम्प, बाहेरचा आरसा, रिमसह एक टायर आणि दोन केबिन फिल्टर टाकून आणा, आणि आयातीच्या जाहीरनाम्यात लिहा. रोरो जहाजावर, म्हणजे जिथे गाड्या चालवतच चढवतात-उतरवतात, गाडीत सुटं सामान चालत नाही. तिथे हेच भाग वेगळ्या पार्सलने मागवावे लागतात.